चाळिशीनंतर व्यायामाला लागणाऱ्यांसाठी: कोल्हापुरात राहून शरीर आणि मन शेवटपर्यंत धडधाकट कसं ठेवायचं

कोल्हापुरात व्यायाम सुरू करणं अवघड नाही. पेठेपेठेत तालीम आहे, पहाटे रंकाळा तलावावर माणसांची रीघ असते, पोरं चालायला लागली की फुटबॉलला लाथ मारतात. अवघड जातं ते पुढचं. विशीत तालमीच्या हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, घाम गाळलेली, शाहू स्टेडियमवर पेठेकडून खेळलेली माणसं नोकरी-संसाराला लागली की थांबतात. मेहनत सुटते, खुराक मात्र तोच राहतो. पंचेचाळिशीला साखर निघते, पन्नाशीला गुडघे बोलायला लागतात. बायकांचं तर बहुतेकदा सुरूच होत नाही. घरातलं काम म्हणजेच व्यायाम, असं त्यांना सांगितलेलं असतं.

मी पन्नाशी ओलांडलेली, नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणारी बाई आहे. काही वर्षांपूर्वी माझी साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, "व्यायाम करा." कोणता, कुठे, किती, कुणाबरोबर, हे सगळं मला तुकड्यातुकड्यानं गोळा करावं लागलं. तुमची ती वणवण वाचावी म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. आयुष्यभर टिकतो तो व्यायाम एखाद्या जागेशी आणि चार माणसांशी बांधलेला असतो. एकट्यानं, निश्चयाच्या जोरावर सुरू केलेला व्यायाम पहिल्या पावसात बंद पडतो. म्हणून खालच्या पायऱ्यांमधली तिसरी पायरी वगळू नका.

## १. आधी तपासणी

चाळिशी उलटली असेल, वजन जास्त असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल, तर तपासणीशिवाय जोराचा व्यायाम सुरू करू नका. साधं चालणं आजपासून चालेल. तिशीपुढच्या सगळ्यांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आपल्या भागातल्या महापालिकेच्या दवाखान्यात आधी विचारा. सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा, केसपेपरच्या रांगेतच बराच वेळ जातो.

सोबत काय न्यायचं:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड
- जुने रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून
- चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं (नाव सांगताना गोंधळ होतो, पाकीटच दाखवावं)
- आई-वडील, भावंडांपैकी कुणाला कोणत्या वयात साखर, रक्तदाब, हृदयविकार किंवा अर्धांगवायू झाला, याची चिठ्ठी
- घरात कुणी सत्तरीच्या पुढे असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड. ही सोय २०२४ पासून आहे, तिला उत्पन्नाची अट नाही, आणि आधार कार्डावर नोंदणी होते. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांना संरक्षण मिळतं.

सुरुवातीला रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन एवढं पुरे. थायरॉइड, बी१२, डी३ या तपासण्या डॉक्टरांनी सांगितल्या तर करा. स्वस्तात ऐंशी तपासण्यांचं पॅकेज घेऊ नका. त्यातल्या एखाद्या आकड्यापुढे चांदणी दिसते आणि माणूस कारण नसताना धास्तावतो.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. रक्तदाब १२०/८० च्या खाली असला की उत्तम, वारंवार १४०/९० किंवा त्यावर आला की उपचार लागतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, ६.५ पासून मधुमेह. शिंप्याच्या टेपनं बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. वजनकाट्यापेक्षा हा टेप जास्त खरं बोलतो, कारण हातपाय बारीक आणि पोट पुढे ही आपल्या लोकांची नेहमीची ठेवण आहे.

चालताना छातीत दडपण आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, घाम फुटून धाप लागली, तर "पित्त झालं असेल" म्हणत सोडा पिऊन घरी जाऊ नका. तिथेच बसा आणि १०८ ला फोन लावा.

## २. आज आपण कुठे आहोत ते मोजा

चार गोष्टी घरीच मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा.

पहिली, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उभं राहायचं आणि पुन्हा बसायचं. ३० सेकंदांत किती वेळा जमलं? दुसरी, भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं. १० सेकंद टिकता का? तिसरी, मांडी घालून खाली बसायचं आणि उठायचं. हात टेकावा लागतो का? चौथी, दोन जिने चढून गेल्यावर बोलता येतं का?

ही वही पुढे फार उपयोगी पडते. वजन महिनोन् महिने हलत नाही आणि माणूस खचतो. पण खुर्चीवरची नऊची बारा झाली, हे वहीत दिसतं.

## ३. जागा आणि जोड ठरवा

कुस्तीत पैलवानाला तोलामोलाचा जोडीदार लागतो, त्याला जोड म्हणतात. जोड नसेल तर मेहनत वाढत नाही. चालण्यालाही तेच लागू आहे. तुम्ही नाही आलात तर फोन करून "काय झालं गं?" विचारणारं कुणीतरी असलं पाहिजे.

जागा निवडताना घरापासून दहा-पंधरा मिनिटांच्या आतली निवडा. कितीही सुंदर असली तरी लांबची जागा महिन्याभरात सुटते.

रंकाळा. पूर्ण फेरी चार-साडेचार किलोमीटरची पडते. नवख्यानं पहिल्याच दिवशी पूर्ण फेरीच्या नादाला लागू नये. संध्यामठाच्या बाजूनं किंवा शालिनी पॅलेसच्या बाजूनं जाऊन येऊन अर्ध्या तासाचं चालणं होतं. पहाटे इथे ठरलेले घोळके असतात, हास्यक्लबवाले, योगासनांवाले, निवृत्त शिक्षकांचे. एखाद्या घोळक्यामागून आठवडाभर रोज चाला, ते स्वतःच तुम्हाला ओढून घेतात. कोल्हापूरची माणसं याबाबतीत फार मोकळी आहेत. संध्याकाळी मात्र चौपाटीवर गर्दी असते. चालण्याचा वेग मिळत नाही आणि फेरी भेळेपाशी संपते.

शिवाजी विद्यापीठाचा परिसर. झाडी, चढउतार, मोकळी हवा. राजारामपुरी, सागरमाळकडच्यांना हा जवळ. थोडा चढ असल्यामुळे इथली अर्ध्या तासाची फेरी सपाट रस्त्यावरच्या फेरीपेक्षा जास्त दमवते.

तालीम. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही कुस्तीची मोठी नावं. पण बहुतेक पेठांत लहान तालमी आणि व्यायामशाळा आहेत, आणि वस्तादांना जाऊन नीट विचारलं तर वयस्क माणसालाही जोर-बैठकांना जागा मिळते. चप्पल बाहेर काढा, आत मारुतीला नमस्कार करा, हौदाच्या मातीत विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. ती माती हळद, ताक, तेल, लिंबू घालून जोपासलेली असते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं, त्याच परंपरेतली ही शिस्त आहे. पहाटे चारला उठणाऱ्या पोरांमध्ये तासभर बसलं तरी आळस झडतो.

पाणी. गुडघे दुखणाऱ्यांना आणि वजन जास्त असणाऱ्यांना पोहणं सगळ्यात सोसतं. पोहायला येत नसेल तर तलावातल्या शिक्षकाकडे, छातीएवढ्या पाण्यात नुसतं चालण्यापासून सुरू करा. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकणं ही जुनी रीत असली तरी वयस्क नवख्यानं तिथे एकट्यानं उतरू नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

जिम. चांगल्या जिम शहरात आहेत. एकच सांगते, वर्षाची फी एकदम भरू नका. आमच्या भागातल्या एकीनं वर्षाचे पैसे घेतले आणि काही महिन्यांत शटर ओढलं. महिन्याची फी भरा, पहिले दोन आठवडे शिकवणारा माणूस तुमच्याकडे खरंच बघतो का ते पाहा. आठवड्याच्या आत कुणी पावडरचा डबा विकायला लागलं, तर दुसरी जिम शोधा.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं. पहाटेच्या अंधारात एकटीनं जाण्यापेक्षा गल्लीतल्या तिघी-चौघींनी मिळून सहाला निघा. "डबे कोण करणार?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर घरात बसून, ठरवून, सगळ्यांसमोर काढा. आमच्याकडे सकाळची कणीक आणि चहा मुलगा बघतो. हे मागितल्याशिवाय मिळत नाही.

## ४. चालायचं किती

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाच्या हालचालीचा आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज किमान अर्धा तास. मध्यम वेग म्हणजे शेजारच्याशी बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतका. गप्पा रंगून वेग मंदावला तर मधली पाच मिनिटं गप्प राहून झपाट्यानं चाला.

सुरुवात १०-१५ मिनिटांनी करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. बूट बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे घ्या, आणि दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. कोल्हापुरी चप्पल सणासमारंभाला शोभते, पण तिच्यात झपाट्यानं चालू नका, टाचेला आधार मिळत नाही.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर खिशात साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा ठेवा. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच खा. आणि अनवाणी चालू नका. नवरात्रात अनवाणी राहणं, चैत्रात जोतिबाला अनवाणी जाणं ही आपली श्रद्धा आहे आणि मी ती मानते. पण साखरेनं पायाची संवेदना कमी झालेली असते, काच घुसली तरी कळत नाही, आणि त्या जखमेनं बोट जाण्याची वेळ येते. देवाला पायात काही घालून गेलेलं चालतं.

## ५. ताकद: सगळे विसरतात ती पायरी

चालणारी माणसं कोल्हापुरात हजारोंनी आहेत. पण चालण्यानं हात, खांदे, पाठ, मांड्या यांची ताकद टिकत नाही. तिशी-चाळिशीपासून स्नायू हळूहळू घटतात आणि साठीनंतर ही घट वेगानं होते. म्हातारपणी माणूस परावलंबी होतो तो बहुतेकदा कमोडवरून उठता येईना म्हणून, जिना चढवेना म्हणून, पडून खुबा मोडला म्हणून. आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच. बायकांना तर जास्तच, कारण पाळी थांबल्यावर हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात आणि त्यांना वजनाचा भार मिळाला तरच ती तग धरतात.

यासाठी आपल्याकडे जोर आणि बैठका आहेतच. फक्त पैलवानाच्या आकड्यांकडे बघून सुरुवात करू नका. माझा क्रम असा आहे.

*जोर.* पहिला महिना भिंतीला हात लावून. मग स्वयंपाकघराच्या ओट्याला किंवा जड टेबलाला. मग गुडघे टेकून जमिनीवर. नंतर जमलं तर पूर्ण. प्रत्येक टप्प्यावर सलग बारा सहज होऊ लागले की पुढचा टप्पा. कित्येकांना ओट्याच्या पुढे जायची गरजही नसते.

*बैठक.* खुर्चीसमोर उभं राहा, दोन पायांत खांद्यांएवढं अंतर ठेवा, सावकाश टेकेपर्यंत खाली जा आणि उठा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहू दे, आत वळू देऊ नका. खुर्ची सोपी झाली की बुटका पाट-चौरंग घ्या, मग हातात वजन घ्या. तालमीतल्या झपाट्याच्या बैठका पन्नाशीत नव्यानं करायला जाऊ नका.

*ओढणं.* जोरांनी पुढचे स्नायू होतात, मागचे राहतात. पाच लिटरचा पाण्यानं भरलेला कॅन कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून कमरेपर्यंत ओढा. दिवसभर संगणकापुढे किंवा शिलाई मशीनवर वाकून बसणाऱ्यांची मान यानं सुधारते.

*उचलून चालणं.* दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन ताठ चालणं. कपिलतीर्थ मार्केटमधून भाजी आणताना हा व्यायाम आपोआप होतो, फक्त वजन दोन्ही हातांत सारखं वाटून घ्या.

हलका मुदगल (तालमीतलं गदेसारखं लाकडी साधन) फिरवायला कुणी जाणकार शिकवणार असेल तर जरूर शिका. खांदे मोकळे होतात. मात्र पाहून-पाहून स्वतः सुरू करू नका, खांद्याची दुखणी महिनोन् महिने जात नाहीत.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या. शेवटची दोन-तीन जड गेली पाहिजेत, नाहीतर ताकद वाढत नाही. श्वास कोंडून जोर लावू नका, रक्तदाब एकदम वर जातो. उठताना श्वास सोडायचा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नका, दोन दिवसांत जातं. पण सांध्यात टोचणारी कळ आली तर तो प्रकार थांबवा आणि दाखवून घ्या.

इथला आणखी एक धोका जुन्या खेळाडूंना असतो. वीस वर्षांनी रविवारी पोरांच्या मॅचमध्ये उतरायचं आणि पहिल्याच धावेत टाचेमागची शीर तोडून घ्यायची. उतरा जरूर, पण त्याआधी दोन-तीन महिने चालणं, बैठका, टाचा उचलणं करून मग.

## ६. तोल

दात घासताना एक मिनिट एका पायावर, मग दुसऱ्या. ओट्याला धरून टाचा उचलणं. टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालणं. साठीनंतर हे आठवड्यातून तीन दिवस तरी हवं. घरात न्हाणीघरात हाताला पकडायला दांडी बसवा, पायपुसणं घसरणार नाही असं घ्या, रात्री उठायच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा. दिवसातून एकदा तरी खाली मांडी घालून जेवा, जमिनीवरून उठणं ही सवय मोडू देऊ नका. गुडघ्याची झीज झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून.

## ७. ताट

ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, हरभऱ्याची भाजी, जवस-कारळ्याची चटणी, ताक. हे ताट रोज जमलं तर कुठल्याही आहारतज्ज्ञाला आवडेल. अडचण प्रमाणात आहे. चार भाकरी आणि चमचाभर उसळ असं ताट असतं, ते दोन भाकरी आणि दोन वाट्या उसळ असं करायचं.

प्रथिनं वजनाच्या किलोमागे पाऊण ते एक ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. दोन भाकऱ्यांतून साधारण १२, वाटीभर उसळीतून ७, वाटीभर आमटीतून ६, एका अंड्यातून ६, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि पाव लिटर दुधातून ९ ग्रॅम. बेरीज करून बघा, पावडरच्या डब्याशिवाय जवळपास भागतं. अंडी न खाणाऱ्यांनी दही किंवा डाळ वाढवावी, आणि पूर्ण शाकाहारी असाल तर बी१२ एकदा जरूर तपासावं. हातापायांना मुंग्या येणं, विसरभोळेपणा वाढणं यामागे कधीकधी तीच कमतरता असते. हाडांसाठी आठवड्यातून दोन-तीनदा नाचणी घ्या. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

आता आपल्या लाडक्या गोष्टी.

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार काढून समोर मिळणारं दूध ही कोल्हापूरची शान आहे. पण पाव लिटर म्हशीच्या दुधात १६ ते १८ ग्रॅम स्निग्धांश असतो. पहाटे दोन तास मेहनत करणाऱ्या पोराला तो जिरतो, दिवसभर काउंटरवर बसणाऱ्याला नाही. शिवाय कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं यांना तरी ते उकळूनच द्या.

तांबडा-पांढरा सोडा, असं मी कुणाला सांगणार नाही. आठवड्यातून एकदा, वाटी मोजून घ्या. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, तीळ असतात, आणि वाट्यांवर वाट्या प्यायल्या जातात तिथे गणित बिघडतं. सुक्यातल्या मटणाच्या फोडी खा, वरचा तवंग बाजूला करा, भात कमी घ्या, कांदा-काकडी जास्त. मिसळीचंही तसंच: कट आणि पाव एकेकदाच.

मिठाकडे आपलं लक्षच नसतं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, सगळं धरून. आपल्याकडे कांदा-लसूण चटणीत मीठ, खर्ड्यात मीठ, पापड-लोणच्यात मीठ, वर ताटात डावीकडे मीठ. ताटातलं काढून टाका, चटणी करताना मीठ निम्मं करा. जीभ दोन-तीन आठवड्यांत रुळते. गूळ चांगला म्हणून भरपूर, हाही एक गैरसमज आहे. साखरेच्या रुग्णाला गूळ साखरेसारखाच चढतो. आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्टच. उपवास करायचाच असेल तर वरी, शेंगदाणे, ताक, फळ यांवर करा.

तंबाखू आणि मिश्री. सकाळी चार किलोमीटर चालून आल्यावर मिश्री लावणाऱ्या कितीतरी काकू मी पाहिल्या आहेत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तोंडाचा कर्करोग, हिरड्यांचे आजार, हृदयविकार, सगळं त्यातून येतं. सोडायला मदत लागते, लाज वाटू न देता डॉक्टरांकडे मागा.

## ८. झोप

सात ते आठ तास. पहाटे पाचला उठायचं असेल तर रात्री साडेनऊ-दहाला अंथरुणावर पडलंच पाहिजे. अकराला जेवून, बारापर्यंत फोन बघून पहाटे उठणारा माणूस महिन्याभरात आजारी पडतो. मोठ्यानं घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील आणि दिवसा पेंग येत असेल, तर तपासून घ्या. त्यानं रक्तदाब चढा राहतो.

## ९. मन

शरीराचे व्यायाम मनालाही लागू पडतात. नियमित चालण्यानं उदासी हलकी होते, झोप सुधारते, मेंदूला रक्तपुरवठा नीट राहतो. पण मनाला आणखी तीन गोष्टी लागतात.

नवीन काही शिकणं. येत असलेलंच करत राहून मेंदूला ताण पडत नाही. पन्नाशीत पेटी शिका, पोहायला शिका, कन्नड शिका. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे. तिथे सभासद व्हा आणि नेहमी वाचता त्याच्याहून वेगळ्या विषयाचं पुस्तक घरी आणा. गाण्याची ओढ असेल तर १८८३ पासूनचा देवल क्लब याच गावात आहे.

माणसं. एकटेपणा म्हातारपणी शरीरालाही खातो. मुलं पुण्याला, बेंगळुरूला गेलेल्या घरांतून हे मला रोज दिसतं. भजनी मंडळ, कट्टा, महिला मंडळ, तालमीचा गणपती, काहीही चालेल. पण तिथे नुसती हजेरी लावू नका, एखादं काम अंगावर घ्या. हिशेब ठेवणं, चहाची व्यवस्था, लहानांना शिकवणं. काम असलं की लोक वाट बघतात.

कान आणि डोळे. ऐकू कमी येणं आणि पुढे होणारा स्मृतिभ्रंश यांचा संबंध आता जगभरातल्या डॉक्टरांनी मान्य केला आहे. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्पांतून बाजूला होतो, आणि तिथून घसरण लागते. माझ्या सासूबाई कानाचं यंत्र लावायला तयार नव्हत्या. आता भजनात टाळ पुन्हा त्यांच्या हातात आहे. मोतीबिंदूही अंगावर काढू नका.

तेजस्विनी सावंत याच कोल्हापूरच्या. २०१० साली त्या नेमबाजीत जगज्जेत्या झाल्या, आणि ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरल्या त्या टोकियोत, चाळीस वर्षांच्या असताना. ज्या खेळात श्वास, तोल आणि मन एकत्र आणावं लागतं, त्यात वय आड आलं नाही. रोज रात्री पाच मिनिटं सावकाश श्वास घ्या, मिनिटाला सहाच्या आसपास, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ देऊन. एवढं कुणालाही जमतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर "मन घट्ट कर" म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. सीपीआरमध्येही मानसोपचार विभाग आहे. कुस्तीत खांदा निखळला तर बसवून घेतोच, हेही तसंच दुखणं आहे.

## १०. वय वाढेल तसा व्यायाम बदला

तिशीत: ताकद जमा करायचं वय. जोर, बैठका, धावणं, खेळ. जुलैतल्या पन्हाळा–पावनखिंड पदभ्रमंतीला जायचं असेल तर आधी तीन महिने चढावर, पाठीवर ओझं घेऊन सराव करा.

चाळिशी-पन्नाशीत: चालणं आणि ताकद सारख्याच महत्त्वाच्या. वर्षातून एकदा तपासणी. महिन्यातून एकदा जोतिबाचा डोंगर पायऱ्यांनी चढा. मागच्या वेळेपेक्षा दम कमी लागला का, ते वहीत लिहा.

साठीत: ताकद सोडू नका, वेग कमी करा. तोलाचे व्यायाम वाढवा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा.

पंचाहत्तरीनंतर: अर्धा तास सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन भाग. खुर्चीवरून उठबस रोज. आजारपणात आठवडाभर अंथरुणावर पडून राहिलं तर या वयात मांड्या फार लवकर उतरतात, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवसापासून उठवून बसवा, चार पावलं चालवा.

## ११. खंड पडला तर

पडतोच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर, मग गणपती, नवरात्र, लग्नसराई. यासाठी आधीच दुसरी सोय ठरवून ठेवा. पावसाच्या दिवशी जिन्याच्या वर-खाली पाच फेऱ्या, खुर्चीच्या बैठका, ओट्याचे जोर, एवढ्यात वीस मिनिटं होतात. घोळक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर केलेलं कळवा, म्हणजे जोड तुटत नाही.

आठवड्याचा खंड असेल तर आधीच्या निम्म्यानं सुरू करा. महिन्याचा असेल तर पुन्हा भिंतीच्या जोरांपासून. ताप असेल तेव्हा व्यायाम नाही, आणि तो उतरल्यावरही दोन दिवस नुसतं चालणं. परत जाताना लाज वाटते, लोक काय म्हणतील असं वाटतं. त्यासाठी आदल्या रात्री घोळक्यातल्या एकीला फोन करून सांगून ठेवा, "उद्या सहाला येते."